नवतपातली हवा आणि इंजिनाचा दम

गाडीच्या माहितीपत्रकात जी अश्वशक्ती छापलेली असते, ती 25 अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेची असते. इंजिनाची शक्ती मोजण्याच्या आयएसओ 1585 या आंतरराष्ट्रीय मानकात 25 अंश तापमान आणि कोरड्या हवेचा 99 किलोपास्कल दाब ही संदर्भस्थिती धरलेली आहे, आणि चाचणीच्या वेळी हवा याहून गरम किंवा थंड असेल तर ठरलेल्या सूत्राने मिळालेला आकडा त्या स्थितीवर आणून ठेवतात. यात लपवाछपवी काही नाही, कारण दोन गाड्यांची तुलना करायची तर दोघींना एकाच हवेत तोलले पाहिजे. परंतु माझे गाव विदर्भात आहे, आणि नवतपाच्या दिवसांत, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस, नागपूर-चंद्रपूरच्या रस्त्यावर दुपारी 45 अंशांची हवा ही काही बातमी नसते. त्या हवेत गाडी चालवताना 'आज गाडी ओढत नाही' असे जे आपण म्हणतो, त्यात खरे किती आणि भास किती, हा प्रश्न मला गेली काही वर्षे मनापासून छळतो आहे. पेट्रोल भेसळीचे असेल, क्लच गेला असेल, इथपासून सगळ्या शंका लोक घेतात. इंजिनात जाणाऱ्या हवेचा विचार मात्र क्वचितच कुणी करते.

इंजिन हवा आकारमानाने ओढते आणि इंधन मात्र तिच्या वजनाच्या हिशेबाने जाळते. सगळी गोष्ट या विसंगतीत आहे. 1.2 लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल, तर ते जास्तीत जास्त 1,800 लिटर हवा आत घेऊ शकते, कारण प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदाच हवा घेतो. हे 1,800 लिटर जानेवारीतही तितकेच आणि मे महिन्यातही तितकेच. वजन मात्र बदलते. समुद्रसपाटीच्या दाबाला 25 अंशांची एक घनमीटर हवा सुमारे 1.18 किलो भरते आणि 45 अंशांची 1.11 किलो. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या 14.7 पट वजनाची हवा लागते, म्हणून हवेचे वजन घटले की तिच्यासोबत जाळता येणारे पेट्रोलही त्याच प्रमाणात घटते. एक सोपा ठोकताळा मी कायम ध्यानात ठेवतो: तापमान साधारण 3 अंशांनी वाढले की हवेचे वजन 1 टक्क्याने उतरते. 20 अंशांची वाढ म्हणजे 6 टक्क्यांच्या थोडी वर.

म्हणजे शक्तीही 6 टक्क्यांनी घटली असे समजणे सोपे आहे. प्रत्यक्षात घट त्याहून कमी असते, आणि त्याचे कारण मला फार सुंदर वाटते. आत येणारी हवा इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या) आणि व्हॉल्व्हच्या तापलेल्या धातूला घासून जाते आणि वाटेत तापते. ती मुळातच गरम असेल तर धातूशी असलेला तिचा फरक कमी, म्हणून वाटेत ती आणखी तापतेही कमी. शिवाय गरम हवेत ध्वनीचा वेग जास्त असतो, आणि व्हॉल्व्हच्या अरुंद फटीतून हवा किती झपाट्याने आत शिरू शकेल याची मर्यादा त्या वेगाशी बांधलेली असते. त्यामुळे भर वेगात गरम हवा थोडी मोकळेपणाने आत जाते. निसर्ग एका हाताने काढून घेतो त्यातले काही दुसऱ्या हाताने परत करतो. म्हणूनच आयएसओच्या सूत्रात पेट्रोल इंजिनासाठी निरपेक्ष, म्हणजे उणे 273 अंशांपासून मोजलेल्या, तापमानांच्या गुणोत्तराचा 0.6 वा घात घेतात. 25 वरून 45 अंशांवर गेल्यास हा हिशेब जेमतेम 4 टक्के येतो. 83 अश्वशक्तीच्या गाडीत ही घट 3 अश्वशक्तीच्या आसपास होते, आणि तेवढी घट पेडलवरच्या पायाला जाणवणे कठीण आहे. त्याच दुपारी पूर्ण ताकदीने चालणारा एसीचा कॉम्प्रेसर कमी फेऱ्यांवर याहून अधिक ओढून घेऊ शकतो. उन्हाळ्यातल्या तक्रारींपैकी बराच भाग एसीच्या खात्यावर टाकावा, असे माझे प्रामाणिक मत आहे.

तरीही उरलेला भाग मोठा आहे, आणि तो वजनाच्या हिशेबात मावत नाही. तो नॉकिंगचा आहे.

सिलिंडरमध्ये स्पार्क पडल्यावर ज्वाला प्लगपासून भिंतीकडे पसरत जाते. तिच्या वाटेत शेवटी राहिलेले मिश्रण वाढत्या दाबाने आणि तापमानाने ज्वाला पोहोचण्यापूर्वीच स्वतःहून पेटले, तर दाबाचा एक तीव्र धक्का बसतो आणि धातूवर खडे आपटल्यासारखा तो ओळखीचा आवाज येतो. हे टाळायचे तर शेवटच्या मिश्रणाचे तापमान आटोक्यात राहिले पाहिजे, आणि इथे आत येणाऱ्या हवेचे तापमान नुसते मोजले जात नाही, ते वाढवून मोजले जाते. दहास एक दाबप्रमाण असलेल्या, म्हणजे मिश्रण दहाव्या हिश्शाच्या जागेत दाबणाऱ्या, इंजिनात दाबल्यानंतरचे निरपेक्ष तापमान, उष्णता भिंतींतून किती निघून जाते त्यावर अवलंबून, सुरुवातीच्या साधारण दुप्पट होते. म्हणजे आत शिरताना दोन हवांमध्ये 35 अंशांचा फरक असेल, तर दाबून झाल्यावर तो 70 अंशांच्या घरात पोहोचतो. स्वयंज्वलनाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मिश्रणाला एवढा फरक पुरेसा असतो.

जुन्या गाड्यांत अशा वेळी मेकॅनिक प्लगांना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून टायमिंग, म्हणजे स्पार्क पडण्याची वेळ, मागे घेत असे, आणि पावसाळ्यात ते पुन्हा पुढे घ्यायला सांगणारे जाणकार मालकही असत. आता हे काम ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीतला संगणक, करतो, आणि सेकंदासेकंदाला करतो. नॉकिंग टिपणाऱ्या नॉक सेन्सरला आवाज ऐकू येण्याआधीच, केवळ आत येणारी हवा तापली आहे एवढ्या माहितीवर तो स्पार्क काही अंशांनी (हे अंश इंजिनाच्या फेऱ्याचे) उशिरा टाकू लागतो. उशिरा पडलेल्या स्पार्कचा दाब पिस्टन खाली निघून गेल्यावर तयार होतो, म्हणून त्याच पेट्रोलमधून चाकापर्यंत कमी बळ पोहोचते आणि उरलेली उष्णता सायलेन्सरवाटे निघून जाते. गाडीचा दम जातो तो इथे. चालकाला कसलाही आवाज येत नाही, कुठला दिवा लागत नाही. पाय मात्र आपोआप जरा खोल जातो. इंजिनाला इजा होऊ नये म्हणून केलेला हा त्याग आहे, आणि तो इतक्या निमूटपणे होतो याबद्दल मला या यंत्रणेविषयी खरोखर आदर वाटतो.

ईसीयूला ही माहिती देणारा सेन्सर हातात घेऊन पाहावा असा असतो. प्लास्टिकच्या छोट्या पिंजऱ्यात अडकवलेला, ज्वारीच्या दाण्याहून लहान असा एक मणी; तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध घटतो. बऱ्याच गाड्यांत 20 अंशांना तो अडीच हजार ओहमच्या आसपास असतो आणि 80 अंशांना तीनशेच्या जवळ येतो. अनेक छोट्या गाड्यांत हा मणी दाबाच्या सेन्सरसोबत एकाच डबीत, थेट मॅनिफोल्डवर बसवलेला असतो, आणि या दोघांच्या आकड्यांवरून आत आलेल्या हवेचे वजन ईसीयू गणिताने काढतो. पुढे किती पेट्रोल फवारायचे हे त्या वजनावर ठरते.

स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (ईसीयूकडची माहिती वाचण्याच्या खाचेत) एक स्वस्त रीडर बसवून या सेन्सरचा आकडा मोबाइलवर पाहण्याची मला सवय लागली, आणि माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच मिळाले. समृद्धी महामार्गावर भर दुपारी बाहेरचे तापमान 43 दाखवत असताना, 100 च्या वेगात आत जाणाऱ्या हवेचा आकडा 49 च्या आसपास स्थिर असे. मग टोलनाक्याची रांग आली. गाडी थांबल्यावर काही क्षण काहीच झाले नाही, आणि नंतर आकडा चढू लागला: 52, 55, 58. रांग पुढे सरकेपर्यंत तो 66 वर गेला. बाहेरची हवा तीच होती. नाक्यावरून निघाल्यावर तो लगेच उतरला नाही. गाडी पुन्हा वेगात आल्यानंतर बऱ्याच अंतराने तो पन्नाशीत आला, आणि त्या मधल्या अंतरातच गाडी जड वाटत होती.

असे होण्याची कारणे सरळ आहेत. उभ्या गाडीत रेडिएटरचा पंखा तापलेली हवा मागे इंजिनाच्या खोलीत ढकलत राहतो, पुढून येणारा वारा बंद असतो, आणि साठीच्या पुढे तापलेल्या डांबराची धग खालून येते. त्यात आयडलिंगला इंजिन फार थोडी हवा घेते, त्यामुळे ती नळीत रेंगाळते आणि भोवतालच्या प्लास्टिकची, ॲल्युमिनियमची उष्णता शोषत बसते. वेगात तीच हवा क्षणात निघून जाते आणि तापायला तिला वेळच मिळत नाही. (मणी स्वतःही मॅनिफोल्डसोबत तापतो, म्हणून 66 मधले काही अंश हवेचे नसून सेन्सरचे असतात, हे लक्षात ठेवायला हवे; ईसीयूचे निर्णय मात्र त्याच आकड्यावर होतात.) याचा अर्थ असा की हवामान खात्याचे तापमान हा इंजिनाचा खरा प्रश्न नाही. सिलिंडरच्या तोंडापाशी, शेवटच्या हातभर नळीत हवा किती तापलेली आहे, यावर सगळे अवलंबून आहे. 49 आणि 66 यांतला फरक जानेवारीची सकाळ आणि मार्चची दुपार यांच्यातल्या फरकाएवढा आहे, आणि तो एका टोलनाक्यावर घडतो.

म्हणूनच बॉनेट उघडल्यावर मी सर्वांत आधी हवेच्या नळीचे तोंड कुठे आहे ते पाहतो. चांगल्या रचनेत ते ग्रिलच्या मागे, रेडिएटरच्या वरच्या कडेला, थेट बाहेरच्या हवेकडे उघडणारे असते. नळी लांब आणि जाड प्लास्टिकची, एक्झॉस्टपासून दूर नेलेली असते. ही नळी काढून त्या जागी उघडा शंकूसारखा फिल्टर बसवण्याची हौस तरुण मंडळींत मोठी आहे. त्याने आवाज भारदस्त येतो हे खरे, पण आडोशाविना बसवलेला असा फिल्टर इंजिनाच्या खोलीतली तापलेली हवा ओढतो, आणि शहराच्या वाहतुकीत त्याने गाडी मंदावण्याचीच शक्यता अधिक. कंपनीने दिलेला तो कुरूप काळा डबा ज्याने आखला त्याने बराच विचार केलेला असतो, असे मला वाटते.

टर्बो असलेल्या गाड्यांत हा विषय आणखी तापतो. एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबून भरण्याची कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली पेटंटबद्ध केली. सायकलमध्ये हवा भरताना पंपाची नळी हाताला चटका देते, तेच इथे मोठ्या प्रमाणावर घडते: 25 अंशांची हवा दुप्पट दाबावर नेली, तर 70 टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून ती 118 अंशांच्या आसपास बाहेर पडते, आणि 45 अंशांची हवा 144 च्या. एवढी गरम हवा तशीच आत सोडली तर दाबून मिळवलेल्या वजनातले बरेच गमवावे लागते, म्हणून मध्ये इंटरकूलर लागतो. तो बाहेरच्या वाऱ्याने ही हवा थंड करतो. 144 वरून 70 वर आणली तर तिचे वजन पाचव्या हिश्शाहून अधिक वाढते. पण तो बाहेरच्या हवेहून थंड कधीच करू शकत नाही, म्हणजे नवतपात त्याची मर्यादाच 45 पासून सुरू होते. फॉर्च्युनरच्या पहिल्या पिढीच्या बॉनेटवर जे उघडे तोंड होते, ते खाली बसवलेल्या इंटरकूलरला वारा मिळावा म्हणूनच होते.

अमरावती रस्त्यावरच्या एका गॅरेजात मी ट्रकचा इंटरकूलर साफ होताना पाहिला आहे. त्याच्या बारीक पापुद्र्यांमध्ये कापसाचे तंतू, वाळलेले गवत, किड्यांचे पंख आणि डिझेलच्या ओशटपणाने घट्ट झालेली धूळ यांचा एक करडा थर जमला होता, बोटाने ओरबाडला तरी निघेना असा. मिस्त्रीने तो आधी मऊ ब्रशने ओला केला, मग मागच्या बाजूने हलक्या दाबाचे पाणी मारले, कारण पुढून जोराचे पाणी मारले तर पापुद्रे वाकतात आणि वाऱ्याची वाट कायमची बुजते. काम करता करता तो म्हणाला, 'हवा तापूनच जाऊन राह्यली आत, मंग गाडी कुठून ओढन?' ड्रायव्हरची तक्रार होती की चढावर गाडी लोड घेत नाही आणि काळा धूर मारते. डिझेल इंजिनात नेमके हेच होते: हवेचे वजन कमी पडले की तेवढ्याच डिझेलला प्राणवायू अपुरा पडतो, काजळी वाढते आणि एक्झॉस्टचे तापमान चढते. नव्या ट्रकांत ईसीयू स्वतःच डिझेल कमी करतो, तेव्हा धूर दिसत नाही आणि तक्रार फक्त ओढीची उरते.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की मग महाबळेश्वरच्या थंड हवेत गाडी खुलत असली पाहिजे. हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाबच 86 किलोपास्कलच्या आसपास असतो. हिवाळ्यात सकाळी 15 अंशांची तिथली हवा घनमीटरला 1.04 किलो भरते, तर मुंबईची 35 अंशांची कोरडी हवा 1.15 किलो. मुंबईच्या त्या उकाड्यातल्या हवेएवढे वजन महाबळेश्वरला मिळायचे असेल तर तिथले तापमान उणे 11 अंशांवर उतरावे लागेल. दर 100 मीटर चढाला हवेचा दाब सुमारे 1.2 टक्के घटतो, ही घट साडेतीन अंशांच्या तापण्याएवढी आहे, आणि तेवढ्या चढाने तापमान उतरते ते अर्ध्यापाऊण अंशानेच. चढताना हा सौदा नेहमी तोट्याचा असतो. बोरघाटात मे महिन्याच्या सुट्ट्यांत जो खोळंबा होतो त्यात म्हणूनच सगळे एकदम जमून येते: खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत 500 मीटरचा चढ, मुंगीच्या वेगाने सरकणाऱ्या गाड्या, तापलेल्या नळ्या आणि चालू एसी. घाटात एसी बंद करण्याची जुन्या चालकांची सवय अनुभवातून आलेली आहे, आणि ती पूर्ण शास्त्रशुद्ध आहे.

ॲव्हरेजचा प्रश्न वेगळा आहे आणि तिथे गरम हवेवर सगळा दोष टाकणे अन्यायाचे होईल. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात पेट्रोल इंजिनाला पूर्ण ताकद नकोच असते, थ्रॉटल अर्धवट मिटलेला असतो, आणि त्या मिटलेल्या झडपेतून हवा ओढण्यातच काही शक्ती वाया जाते. हवा विरळ असेल तर तेवढ्याच ताकदीसाठी थ्रॉटल जरा अधिक उघडावा लागतो आणि ते नुकसान थोडे कमी होते. शिवाय विरळ हवेचा गाडीला होणारा अवरोधही कमी असतो. थंडीत घट्ट हवा कापावी लागते, ऑइल जाड असते, इंजिन तापायला वेळ लागतो. म्हणून डिसेंबरच्या पहाटे गाडी चपळ वाटते आणि पेट्रोल मात्र जास्त पिते. कार्ब्युरेटरच्या काळात तर थंड हवा चक्क नकोशी असे, कारण पेट्रोलच्या बाष्पीभवनाने कार्ब्युरेटरचा गळा इतका थंड होई की दमट हवेत आत बर्फ धरे. म्हणून अनेक जुन्या युरोपीय गाड्यांच्या एअर फिल्टरला उन्हाळा आणि हिवाळा अशा दोन स्थिती असत, आणि हिवाळ्याच्या स्थितीत हवा मुद्दाम एक्झॉस्टजवळून तापवून घेतली जाई.

पाऊस सुरू झाला की गाडी खूष होते असे आमच्याकडे म्हणतात. 42 अंशांवरून हवा 27 वर आली की वजनात 5 टक्क्यांची भर पडते. त्यातून वाफेचा वाटा वजा करावा लागतो, कारण 27 अंशांच्या चिंब हवेत साडेतीन टक्के जागा पाण्याच्या वाफेने अडवलेली असते आणि वाफ काही जाळायला मदत करत नाही. तरी हिशेब फायद्यातच राहतो, आणि तीच वाफ ज्वलन थोडे संथ करून नॉकिंगही आवरते, त्यामुळे ईसीयूला मागे घेतलेला स्पार्क पुन्हा पुढे आणता येतो. लोकांच्या बोलण्यातली ही खूष झालेली गाडी मोबाइलच्या पडद्यावर टायमिंगच्या अंशांत मोजता येते, याचा मला फार आनंद झाला होता. ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलमध्येही असाच एक गुण आहे. इथेनॉलचे बाष्पीभवन होताना ते पेट्रोलच्या जवळजवळ अडीच पट उष्णता ओढून घेते. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजिनांत ही उष्णता हवेतूनच घेतली जाते, म्हणून तिथे याचा लाभ पुरता मिळतो. मॅनिफोल्डमध्ये फवारणाऱ्या साध्या इंजिनांत त्यातली बरीचशी व्हॉल्व्हच्या तापलेल्या पाठीतून येते आणि हवा तितकी थंड होत नाही.

ज्यांना मे महिन्यात लांबचा प्रवास करायचा आहे त्यांना मी एकच गोष्ट आवर्जून सांगतो. सर्व्हिसिंगहून गाडी आली की बॉनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्याला पुढून येणारी नळी जागेवर आहे का, ते हाताने चाचपून पाहा. फिल्टर बदलताना ती ओढून बाजूला करतात, आणि परत बसवताना तिची क्लिप नीट लागली नाही तर तोंड ग्रिलपासून निसटून रेडिएटरच्या मागे वळते. गाडी चालू होते, कुठला दिवा लागत नाही, फिल्टर नवा कोरा असतो, आणि इंजिन पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत रेडिएटरवरून आलेली हवा ओढत राहते. क्लिप पाच-दहा रुपयांची असते आणि कुठल्याही स्पेअरपार्टच्या दुकानात मिळते.